सहा जणांची हजेरी : फायररेडच्या नोंदी

१ जून, रविवार

पावसाळ्याआधीची आवराआवर चालली होती. कोथरूडच्या घरातल्या माळ्यावरून बुटाचं एक खोकं खाली आलं आणि त्यात माझा गेमबॉय ॲडव्हान्स एसपी, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, निघाला, चार्जरसकट. खाचेत पोकेमॉन फायररेडची कार्ट्रिज तशीच बसलेली: पोकेमॉन नावाचे प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि इतर प्रशिक्षकांच्या गड्यांशी लढवायचे, असा हा खेळ. तासभर चार्जिंगला लावला आणि झाला की सुरू!

जुना सेव्ह शाबूत होता. इंडिगो प्लॅटोच्या आत मी उभी, एलिट फोर, म्हणजे शेवटच्या चार कसलेल्या प्रशिक्षकांच्या दारात. टीम उघडली. चारिझार्ड, लेव्हल ५८. त्याच्याखाली स्नॉरलॅक्स ३०, डगट्रिओ २९, लॅप्रस २५, पिजॉटो २४, ओडिश १६. सिल्फ कंपनीत लॅप्रस भेट मिळतो तोच मुळी २५ लेव्हलचा. स्नॉरलॅक्स रस्त्यात आडवा झोपलेला असतो, तो ३०चा. म्हणजे हे दोघं माझ्याकडे आले त्या दिवसापासून एक पायरीही चढले नव्हते. लॅप्रस पाणी ओलांडायला, पिजॉटो उडून गावं गाठायला, ओडिश झुडपं कापायला. लढायला एकटा चारिझार्ड.

पुढे काय व्हायचं ते लख्ख आठवलं. एलिट फोरमधली पहिलीच लोरेलाय, तिच्याकडे पाण्याचे आणि बर्फाचे गडी. चारिझार्ड पडला की बाकीचे पाच एकेका फटक्यात आडवे. असं किती वेळा झालं असेल! शेवटी मी खेळ खोक्यात ठेवून दिला. तेव्हा वाटायचं, चारिझार्ड कमी पडला. आज ती यादी बघून पोटात कालवलं. त्या पाच जणांना मी कधी मैदानात उतरवलंच नव्हतं.

पुन्हा पहिल्यापासून खेळायचं ठरवलंय. नियम एकच: कुठल्याही जिम लीडरसमोर (वाटेतल्या आठ मोठ्या प्रशिक्षकांपैकी कुणासमोर) जाताना टीममधला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यांच्यात दोनपेक्षा जास्त लेव्हलचा फरक नको. रोजची हजेरी या वहीत.

या खेळात सेव्हची जागा एकच. नवा डाव सेव्ह करताना जुना पुसला जाईल अशी सूचना आली. टीमचं पान आणखी एकदा उघडलं, सहाही नावं वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली, मग ‘हो’ दाबलं.

८ जून, रविवार

या वेळी सुरुवातीचा गडी म्हणून बल्बासॉर घेतला. सोबत पिजी, आणि व्हिरिडियनच्या जंगलात बराच वेळ गवत तुडवल्यावर मिळालेला पिकाचू.

पहिल्या जिम लीडरची, ब्रॉकची लढत नीट लिहून ठेवते, कारण सगळं गणित तिच्यात आहे. ब्रॉकचा ऑनिक्स १४ लेव्हलचा. गडी हरवला की गुण मिळतात, ते साठले की लेव्हल चढते. ऑनिक्सचे मूळ गुण १०८. मूळ गुण गुणिले लेव्हल, भागिले ७, म्हणजे २१६. प्रशिक्षकाचा गडी असेल तर दीडपट, म्हणजे ३२४. रानातला असता तर २१६च.

हे ३२४ गुण त्या लढतीत जे जे मैदानात उतरले आणि शेवटी उभे राहिले त्यांच्यात वाटले जातात. एकट्या बल्बासॉरने मारला तर ३२४ त्याचे. मी पिजीला पुढे ठेवलं, पहिल्याच चालीला मागे घेतलं आणि बल्बासॉर आणला. दोघांना १६२-१६२. पिजीने एक चोच मारली नाही, तरी तिचा वाटा तिला मिळाला. याची किंमतही आहे: अदलाबदलीत एक चाल जाते, आणि नवा येणारा येता येताच एक फटका खातो. बल्बासॉरने तो खाल्ला.

शाळेत मी खो-खो खेळायचे. बचावाला तिघींची तुकडी उतरते, ती बाद झाली की पुढची. पहिल्या तुकडीत कायम त्याच तिघी चांगल्या पळणाऱ्या. आमच्या बाईंनी एका वर्षी सरावात तुकड्यांचा क्रम रोज बदलला. स्पर्धेत पहिली तुकडी लवकर बाद झाली तेव्हा तिसऱ्या तुकडीने डाव ओढून नेला. पिजीला पुढे उभं करताना त्याच बाई आठवल्या.

हजेरी: बल्बासॉर १३, पिजी १२, पिकाचू ११.

१४ जून, शनिवार

माउंट मूनच्या अलीकडच्या पोकेमॉन सेंटरमध्ये एक माणूस ५०० रुपयांना मॅजिकार्प विकतो. (खेळातला पैसा वेगळा, मी आपलं रुपये म्हणते.) घेतला. लेव्हल ५. त्याला एकच चाल येते, पाण्यात उड्या मारायची, आणि तिने समोरच्याला काहीही होत नाही. १५व्या लेव्हलला पहिली धडक शिकतो, २०व्याला रूप बदलून ग्याराडोस होतो.

जुन्या डावात मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. पण टीम बरोबरीने वाढवायची म्हणजे ज्याला स्वतःच्या जोरावर एकही लढत जिंकता येत नाही त्याचं काय करता, हाच खरा प्रश्न आहे. म्हणून तो घेतला.

आता तो प्रत्येक लढतीत पुढे. पडद्यावर तो येतो, मी त्याला मागे घेते, दुसरा फटका खातो आणि लढत संपवतो. सेरुलियनच्या उत्तरेच्या पुलावरच्या पाच प्रशिक्षकांशी अशाच पाच लढती झाल्या. बल्बासॉरचा आयव्हीसॉर झालाय, तो, पिकाचू आणि पिजी पाळीपाळीने मॅजिकार्पच्या मागे. शेवटच्या लढतीत आयव्हीसॉरच्या तब्येतीचा पट्टा लाल झाला होता. तरी मॅजिकार्पची निळी रेघ थोडी पुढे सरकली आणि मला भरून आलं.

पलीकडच्या गवतात अब्राही मिळाला. तो समोर आला की पहिल्याच चालीला गायब होतो, त्यामुळे आयव्हीसॉरने आधी झोपेची पूड टाकायची आणि मग पकडायचा चेंडू. तिसऱ्या खेपेला जमलं.

१७ जून, मंगळवार

ऑफिसला जाताना वनाज ते रामवाडी मेट्रोत बसायला जागा मिळते, हे या प्रकल्पाचं नशीब. नळ स्टॉपपर्यंत वही उघडून क्रम ठरवायचा, डेक्कन ते बंडगार्डन लढायचं, येरवडा आलं की सेव्ह.

दुसऱ्या जिम लीडरला, मिस्टीला हरवलं. तिचा स्टारमी २१. आयव्हीसॉर आणि पिकाचूने मिळून. मॅजिकार्प फक्त १३वर असल्याने नियम मोडला. हे लिहून ठेवते. नियम माझा आहे आणि मोडलाही मीच. पुढच्या जिमच्या आत त्याला बाकीच्यांजवळ आणायचं.

१९ जून, गुरुवार

व्हर्मिलियनच्या पोकेमॉन सेंटरमध्ये एक बाई व्हीएस सीकर देते. शंभर पावलं चाललं की ते यंत्र भरतं, आणि वापरलं की आजूबाजूच्या हरलेल्या प्रशिक्षकांपैकी काही जण पुन्हा लढायला तयार होतात. जीव भांड्यात पडला. प्रशिक्षकांच्या लढती मोजक्याच असतात, ही माझी सगळ्यात मोठी काळजी होती. एकदा चुकीच्या गड्याला दिलेले गुण परत घेता येत नाहीत. आता उरलेल्यांना वाढायला भांड्यात काही तरी आहे.

एक वाट मुद्दाम सोडली. रूट ५वर पाळणाघर आहे. तिथे ठेवलेल्याला आपल्या प्रत्येक पावलामागे एक गुण मिळतो. मॅजिकार्पला तिथे ठेवून सायकल फिरवत बसता येईल. पण लढून मिळणारं आणखी एक खातं असतं, ते पडद्यावर दिसत नाही. हरवलेल्या प्रत्येक गड्यामागे ताकद, वेग, बचाव यांपैकी कशात तरी थोडी कायमची भर पडते, एकूण ५१०पर्यंत. पाळणाघरात किंवा रेअर कँडी (लेव्हल चढवणारी गोळी) खाऊन चढलेल्या लेव्हलमध्ये ही भर नसते. आणि गंमत अशी, की लेव्हलचे गुण वाटून मिळतात पण ही भर वाटली जात नाही. मैदानात उतरलेल्या प्रत्येकाला ती पूर्ण मिळते. म्हणजे एक चाल उभा राहून परतलेल्या मॅजिकार्पला अर्धे गुण, पण भर अख्खी! हे समजल्यापासून त्याला पुढे ठेवायचा कंटाळा येईनासा झालाय.

२१ जून, शनिवार

पालख्या पुण्यात मुक्कामी. ताई दर्शनाला पेठेत गेली, भाचा माझ्याकडे. तो त्याच्या निन्टेन्डो स्विचवर पोकेमॉन स्वॉर्ड खेळतो. माझी वही बघून म्हणाला, “मावशी, तू हे सगळं हाताने का करतेस? माझ्यात तर आपोआप सगळ्यांना मिळतं.”

खरंच मिळतं. २०१३च्या पोकेमॉन एक्स आणि वायपासून एक्स्प. शेअर (गुण वाटणारी सोय) चालू असलं की लढणाऱ्याला पूर्ण गुण आणि बाहेर बसलेल्या सगळ्यांना निम्मे, वाटणी न होता. २०१९च्या स्वॉर्ड आणि शील्डमध्ये तर ते बंदही करता येत नाही. मी म्हटलं, “दाखव तुझी टीम.” सिंडरेस ४१, बाकीचे ३३ ते ३५.

“सगळ्यांना मिळतं ना, मग हे मागे का?”

तो विचारात पडला. मग म्हणाला, “कारण मी नेहमी यालाच पाठवतो.”

मी काही बोलले नाही. नव्या खेळातली सोय चांगलीच आहे, शाळा-क्लासमधून दिवसाकाठी अर्धा तास मिळणाऱ्या मुलाने पुलावरच्या प्रशिक्षकांशी पुन्हा पुन्हा का लढावं? पण त्यात एक गोष्ट हरवते असं मला मनापासून वाटतं. कोण लढला आणि कोण नुसता बसून होता, हे खेळणाऱ्याला कळेनासं होतं. मला वहीत ते रोज दिसतं.

जेवताना त्याने मागितली म्हणून माझ्याकडची एक कोरी वही त्याला दिली.

२९ जून, रविवार

तिसरा जिम लीडर लेफ्टनंट सर्ज, त्याच्या वेळी नियम पाळला गेला. मॅजिकार्पचा ग्याराडोस झाला. तो क्षण मेट्रोत मंगळवार पेठ स्टेशनवर आला, आणि मी तोंडावर हात ठेवला तरी शेजारच्या आजोबांनी वाकून पाहिलंच. रूट ८वर १८चा ग्रोलिथ पकडला. टीम पुरी सहाची झाली.

तरी एक कोडं सुटत नव्हतं. दहा दिवस मी लढती अगदी सारख्या वाटून दिल्या, वहीत प्रत्येकाच्या नावापुढे सारख्या रेघोट्या. तरी ग्याराडोस आणि ग्रोलिथ मागे पडतात आणि आयव्हीसॉर पुढे सरकतो. आज कागद घेऊन बसले.

सगळ्यांच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. पिकाचूचा हिशेब सरळ: लेव्हलचा घन. २०व्या लेव्हलला २० गुणिले २० गुणिले २०, म्हणजे ८,०००. ग्याराडोस आणि ग्रोलिथ संथ गटातले, त्यांना सव्वापट, १०,०००. आयव्हीसॉर, पिजॉटो (पिजीचं पुढचं रूप) आणि कदाब्रा (अब्राचं पुढचं रूप) तिसऱ्या गटातले, त्यांचं सूत्र किचकट आहे, पण २०व्या लेव्हलला उत्तर येतं ५,४६०. एकाच लेव्हलला उभ्या दोन गड्यांमध्ये एकाने दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट कमावलेलं असतं! २०वरून २१ला जायला आयव्हीसॉरला ९९८ गुण लागतात, पिकाचूला १,२६१, ग्याराडोसला १,५७६.

पुढे ही दरी टक्क्यांत कमी होते. ४०व्या लेव्हलला तिसऱ्या गटाला ५६,६६०, पिकाचूला ६४,०००, संथ गटाला ८०,०००. पण नुसते आकडे बघितले तर फरक २३,३४०वर गेलेला.

म्हणजे समान वाटून दिलं तर लेव्हल समान राहत नाही. पंगतीत प्रत्येक पानावर एकच पोळी वाढली तर कुणी उपाशी उठतो आणि कुणाच्या पानात उरते. आजपासून रेघोट्या सारख्या ठेवायच्या नाहीत. संथ गटाच्या दोघांना तीन लढती, तर बाकीच्यांना दोन. सव्वापटीचा नेमका हिशेब करत बसले तर मेट्रो रामवाडीला पोचेल आणि लढत व्हायची राहील, तीनास दोन पुरे.

हजेरी: आयव्हीसॉर २५, पिकाचू २४, पिजॉटो २४, कदाब्रा २४, ग्याराडोस २३, ग्रोलिथ २२.

६ जुलै, रविवार

आषाढी. चौथी जिम लीडर एरिका झाली, तिचे वरचे दोन गडी २९. ग्रोलिथ, पिजॉटो आणि कदाब्राने निभावलं. पिकाचूला २६व्या लेव्हलला थंडरबोल्ट (विजेची चाल) येऊ दिला आणि मगच थंडर स्टोन देऊन रायचू केला. आधी दिला असता तर रायचू स्वतःहून तो शिकत नाही.

१३ जुलै, रविवार

कदाब्राचं काही तरी बिघडलंय, असं चार दिवस वाटत होतं. लढती भरपूर, लेव्हल मात्र जागच्या जागी. आज लक्षात आलं, बिघडलं माझं होतं. जो पडतो त्याला त्या लढतीचा वाटा मिळत नाही. कदाब्रा वेगवान आहे, मारतो जबरदस्त, पण अंगाने काटकुळा. मी त्याला पुढे ठेवून अदलाबदल न करता लढायला लावायचे, दोन गडी तो घ्यायचा, तिसऱ्याच्या एका फटक्यात पडायचा, आणि तिसऱ्याचे गुण दुसऱ्याच कुणाच्या खात्यात. हजेरीला रेघोटी मात्र त्याच्या नावावर.

चार दिवस मी त्याला आळशी समजत होते. वहीत त्याच्या नावापुढे ‘मागे का?’ असं लिहिलेलं आहे. ते खोडलं. आता तो पहिला गडी मारतो आणि लगेच मागे येतो. दमलेल्याला ओढत ठेवून त्याचा वाटा बुडवायचा नाही.

२६ जुलै, शनिवार

रूट १५च्या नाक्यावर खेळातल्या प्राध्यापक ओकसरांचा सहायक बसलेला असतो. पन्नास प्रकारचे पोकेमॉन पकडून दाखवले की तो एक्स्प. शेअर देतो. माझे ३४ होते. गेले दोन आठवडे लढती सोडून नुसतं पकडत हिंडले. पाऊस इतका, की संध्याकाळी बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. पन्नासावा मिळाला तेव्हा कुकरच्या तीन शिट्ट्या झालेल्या, भात मऊ झाला.

या जुन्या खेळातलं एक्स्प. शेअर एकाच गड्याच्या हातात द्यायचं. लढतीचे निम्मे गुण त्याला बसल्या जागी मिळतात, उरलेले निम्मे लढणाऱ्यांत वाटले जातात. एकूण तेवढंच राहतं. नव्या खेळांसारखं जास्तीचं काही पिकत नाही, एकाच्या पानातलं दुसऱ्याच्या पानात जातं.

ग्रोलिथला दिलं. तीन दिवसांत तो बाकीच्यांच्या बरोबरीला आला, तसं काढून ग्याराडोसला दिलं. कुणाकडेही कायमचं ठेवायचं नाही असं ठरवलंय. जो सगळ्यात खाली, त्या दिवशी ते त्याचं.

३ ऑगस्ट, रविवार

पुढचे दोन जिम लीडर, कोगा आणि सब्रिना, एका आठवड्यात. दोघांचेही सगळ्यात वरचे गडी ४३, माझे सहाही ३८ ते ४०. प्रत्येक लढतीत किमान चौघं उतरले. ग्रोलिथचा आर्कनाइन केला.

भाच्याचा फोन आला. त्याने सिंडरेसला आठवडाभर टीमबाहेर, बॉक्समध्ये ठेवलं होतं. “मावशी, बाकीचे पाच पोचले ३९ला! पण मला त्याची आठवण यायला लागली म्हणून काढलं.” बरं केलंस म्हटलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

आठही जिम लीडरांचे बॅजेस मिळाले. व्हिक्टरी रोड ओलांडून पुन्हा त्याच दारात. हजेरी: व्हीनसॉर (आधीचा आयव्हीसॉर) ५०, रायचू ५०, कदाब्रा ५०, पिजॉट (आधीचा पिजॉटो) ४९, ग्याराडोस ४९, आर्कनाइन ४९.

लोरेलाय रायचूने आणि व्हीनसॉरने घेतली. एलिट फोरमधला दुसरा ब्रूनो कदाब्राने आणि ग्याराडोसने. तिसऱ्या अगाथाच्या ५८च्या गेंगारपुढे तिघं पडले, चौथा उभा राहिला. चौथ्या लान्सशी हरले. त्याचा ड्रॅगनाइट ६०चा, आणि ज्याच्याकडे बर्फाची चाल होती तो माझा ग्याराडोस त्याच्या एरोडॅक्टिलने आधीच लोळवला होता.

हरलं तरी मिळालेले गुण राहतात. बाहेर येऊन हजेरी घेतली: रायचू ५३, आर्कनाइन ४९. चारचा फरक. रायचू फॉर्मात होता, लगेच परत शिरायचा मोह झाला. त्याच दारात, त्याच मोहाने मी त्या वेळी चारिझार्डला पुन्हा पुन्हा आत पाठवत राहिले होते.

मागे फिरले. व्हिक्टरी रोडच्या गुहेत आर्कनाइन एकटा पुढे, रायचू सगळ्यात शेवटी.

३१ ऑगस्ट, रविवार

आज गौरी आल्या. घर माणसांनी भरलेलं. दुपारी आवाज जरा थंडावल्यावर भाचा आणि मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलो. आत शिरतानाची हजेरी: रायचू ५३, व्हीनसॉर ५२, कदाब्रा ५२, पिजॉट ५१, ग्याराडोस ५१, आर्कनाइन ५१.

या वेळी लान्सच्या एरोडॅक्टिलसमोर रायचू उभा केला आणि ग्याराडोसला ड्रॅगनाइटसाठी राखलं. बर्फाचा एक झोत, ड्रॅगनाइट खाली. भाच्याने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

या चौघांनंतरचा चॅम्पियन म्हणजे आपलाच प्रतिस्पर्धी. मी बल्बासॉर घेतला होता, म्हणून त्याच्याकडे चारमँडर, म्हणजे चारिझार्डचं पहिलं रूप, गेला होता. सगळ्यात शेवटी तो आला: चारिझार्ड ६३. माझ्याकडे तेव्हा दोघं उभे होते, पिजॉट आणि ग्याराडोस. पिजॉटने दोन फटके मारले आणि पडला. ग्याराडोसने सर्फ केलं, म्हणजे पाण्याची लाट. चारिझार्डच्या तब्येतीचा पट्टा पिवळा, लाल आणि मग रिकामा. पाचशे रुपयांचा मासा होता तो!

हॉल ऑफ फेममध्ये एकेक गडी पडद्यावर येतो, नावाशेजारी त्याची लेव्हल. भाचा मोठ्याने वाचत गेला आणि मी लिहीत गेले. रायचू ५४. व्हीनसॉर ५३. कदाब्रा ५३. ग्याराडोस ५३. पिजॉट ५२. आर्कनाइन ५२.